हिरव्या मखमलीतली मुलगी

नोम पेन्ह

आई,

इथूनच वाकून तुला आणि आजीला नमस्कार करते. मी मजेत आहे. खोकला गेला. तू दिलेली सुकी मासळी नाचशाळेतल्या मैत्रिणींनी दोन दिवसांत फस्त केली. आजीचे गुडघे कसे आहेत?

अक्षर वाकडंतिकडं आलंय, कारण डाव्या हातानं लिहितेय. उजव्या हाताचं एक बोट जरा सुजलंय, इतकंच. नाचात ते आणखी मागे वळावं म्हणून मीच गुडघ्याखाली दाबत होते, तेव्हा कट्कन आवाज झाला. कुणाला बोलले नाही.

काल नववर्षाच्या कार्यक्रमाची रंगीत तालीम होती. पोशाखाच्या बाईंनी नेहमीसारखा हिरव्या मखमलीचा पोशाख माझ्या अंगावरच शिवला. शेवटच्या टाक्याला त्यांनी माझा हात बाजूला केला आणि मी किंचाळले.

"सुई अजून लागलीसुद्धा नाही, भवाने! दाखव ते बोट."

मग त्यांनी सगळे टाके उसवले आणि तीच मखमल माझ्या जागी नाचणाऱ्या चाक्रियाच्या अंगावर शिवली. बोट पुन्हा वळेल का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तू आधी जेवून घे."

तू गावभर सांगितलं असशील ना? टीव्हीवर कार्यक्रम लागला की आजीला सांग, डावीकडची शेवटची, हिरव्या मखमलीतली, तीच आपली. मुकुट आणि पावडरीत तिला काही कळायचं नाही.

पण लहानपणापासून माझी बोटं तूच वळवलीस. तू तेवढी तिच्या हातांकडे बघू नकोस.

तुझी,
सोथेआ