सोमवारच्या रिकाम्या खुर्च्या

३ जून, सोमवार

आले एकदाची बेंगळुरूला! पुण्याच्या त्या घामट ऑफिसातून सुटले. इथे सकाळी चक्क अंगावर शाल घ्यावीशी वाटते. व्हाइटफील्डला नवव्या मजल्यावर ऑफिस, माझं टेबल खिडकीपाशी, खाली गुलमोहर. आमची कंपनी लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर करते. प्रत्येक बदल बाहेर जाण्याआधी तो तपासून 'जाऊ दे' किंवा 'थांबा' म्हणणं, हे माझं काम. माझ्याआधी इथे प्रणीत नावाचा मुलगा होता.

साहेब रघुनंदन मराठीच निघाले, पण इथले पिढीजात. 'सरी, स्वल्प हळू बोला, तुमची मराठी फार जोरात पळते,' म्हणाले. 'बरं, जरा'ला 'सरी, स्वल्प'! मला हसू आवरेना.

भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय: माझं काम, माझी जबाबदारी. दर सोमवारी मीटिंगमध्ये ज्याची चूक असेल त्याने उठून 'हे माझं' म्हणायचं. पुण्यात चूक झाली की ती या टेबलावरून त्या टेबलावर ढकलली जायची आणि शेवटी माझ्याच गळ्यात पडायची. आईला फोन करून सांगितलं, माणसांच्यात आलेय.

१० जून, सोमवार

पहिली मीटिंग. अद्वैत प्रोग्राम लिहितो. त्याने उठून एक बारीकशी चूक कबूल केली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छान वाटलं.

मी दाराजवळच्या खुर्चीत बसायला गेले तर श्रीविद्याने हात धरून मागे ओढलं. ती ग्राहकांचं काम बघते, एरवी बोलायला गोड. तिथल्या दोन खुर्च्यांवर कोणी बसायचं नाही, म्हणाली. का, ते सांगेना.

१७ जून, सोमवार

आज त्या दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या. एकीत निळ्या गणवेशातला, चाळिशीचा माणूस, मांडीवर पिवळं हेल्मेट. शेजारी आमचंच ओळखपत्र गळ्यात घातलेला तरुण. मी मान हलवून नमस्कार केला. बाकी कोणी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काय ही माणसं!

रघुनंदन सरांनी 'आणखी काही?' विचारलं तेव्हा तो निळा माणूस हळूच म्हणाला, 'यारदु?' सगळ्यांनी एकदम लॅपटॉप मिटले.

अद्वैतला अर्थ विचारला. यारदु म्हणजे कोणाचं, असं त्याने बुटांकडे बघत सांगितलं. कोण होता तो, हेही विचारलं. त्याला म्हणे घाई होती.

१९ जून, बुधवार

श्रीविद्या आज कॅन्टीनमध्ये बोलली. हातातलं ताट तसंच गार झालं.

फेब्रुवारीत येलहंक्याच्या एका सोसायटीत आमचा तंत्रज्ञ गुरुराज लिफ्ट दुरुस्त करत होता. दार उघडं असताना लिफ्ट निघाली. तो अर्धा आत होता, अर्धा बाहेर. दार बंद नसताना लिफ्ट सुटते, बदल मागे घ्या, असं त्यानेच आठवडाभर आधी कळवलं होतं. श्रीविद्याने ते पुढे पाठवलं. अद्वैतने कोणी सांगेल म्हणून वाट पाहिली. साहेबांना वाटलं, ती दोघं बघतायत. चौकशीत कारण निघालं 'प्रक्रियेतली उणीव'. कोणाचंच नाव नाही.

मी विचारलं, पिवळं हेल्मेट होतं का त्याच्याकडे? ती ताट तसंच टाकून उठली.

२४ जून, सोमवार

आज नीट बघितलं. हेल्मेट चपटं आहे. कमरेखाली गणवेश शरीराच्या रेषेत नाही, कोणीतरी नंतर आणून जोडल्यासारखा. पुन्हा विचारलं त्याने, 'यारदु?' जो बोलत असेल त्याच्याकडे तो मान वळवतो. म्हणून सगळे कमी बोलतात, हे आज कळलं.

मीटिंग संपल्याबरोबर साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. तो माणूस तुम्हाला दिसत नाही का?

'सगळ्यांना दिसतो,' ते म्हणाले. 'बघायचं नाही. सवय होते.'

आणि दुसरा?

'प्रणीत. त्याला सहन झालं नाही. एका सोमवारी उठून म्हणाला, माझं. त्याचं नव्हतंच हो ते, तो तर नंतर आला होता. गुरुराज त्याला हाताला धरून बाहेर घेऊन गेला. आपल्याच लिफ्टच्या खड्ड्यात सापडला.'

मी ओरडले. मग खरं ज्याचं आहे त्याने म्हणा ना! तुम्ही म्हणा!

'मी एकट्याने कुठे ठरवलं होतं?' ते म्हणाले, आणि कॉफी मागवली. माझ्यासाठीसुद्धा.

२६ जून, बुधवार

अद्वैत म्हणतो, सांगितलं तेवढंच केलं. श्रीविद्या म्हणते, मी तर पुढे पाठवलं होतं. डोकं आपटावं कुठेतरी! तीन माणसं आणि एक शब्द. कोणाच्या तोंडून निघेल तर शपथ.

राजीनामा दिला. दोन महिने थांबावं लागेल. जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवल्याशिवाय जाता येत नाही, म्हणे! कंपनीचं हे उत्तर वाचून मी एकटीच मोठमोठ्याने हसत बसले.

२८ जून, शुक्रवार

नवा बदल तपासला. क्वचित, अगदी क्वचित, पण तेच. दार उघडं आणि लिफ्ट सुटते. 'थांबा' म्हणून कळवलं. साहेब म्हणाले, ग्राहक घाई करतोय, सोमवारी सगळे मिळून ठरवू.

सगळे मिळून.

१ जुलै, सोमवार

साहेबांनी विचारलं, कोणाची हरकत? मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. तेवढ्यात दाराजवळ खुर्ची करकरली. बोलले असते तर त्याने माझ्याकडे बघितलं असतं.

मी खाली बघितलं.

बदल गेला. लेखी कळवलं होतं ना मी. शुक्रवारीच कळवलं होतं. मग?

५ जुलै, शुक्रवार

जयनगर. श्यामला नावाच्या आजी. हातात भाजीची पिशवी. लिफ्टमध्ये पाय टाकला आणि —

साहेब म्हणतात, चौकशी होईल. शब्द मला पाठ आहेत.

मी कळवलं होतं. कळवलं होतं. श्रीविद्यासारखंच बोलतेय मी.

७ जुलै

जेवण जात नाही. पळून जावं, तर पुण्यातही खुर्च्या आहेतच. उद्या बोलणार. सगळ्यांची नावं घेणार, माझ्यासकट.

८ जुलै, सोमवार

मीटिंगमध्येच लिहितेय. टेबलाखाली. हात थांबला तर ओरडेन मी.

आज दाराजवळ तिसरी खुर्ची आहे. कोणी आणली, माहीत नाही. श्यामला आजी बसल्यात, त्यांची पिशवी पायाशी, पालेभाजी अजून ओली.

या वेळी आजींनी विचारलं. यारदु?

सगळे खाली बघतायत. मी उठते —

बोलले. माझं, मी गप्प बसले. आणि रघुनंदन सरांचं, ढकललं त्यांनी. अद्वैतचं. श्रीविद्याचं. गुरुराजच्या वेळचंही सगळं बोलले. सर म्हणाले, स्वल्प शांत व्हा, ही भाषा बरी नाही. अद्वैत म्हणाला, मला यात घेऊ नका. श्रीविद्या रडतेय, पण मान हलवतेय. नाही, नाही.

आजी माझ्याकडे बघून — रागावल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. मग तिघं उठली. मला वाटलं, मला न्यायला. पण ती बाहेर गेली. गुरुराजने दार उघडंच ठेवलं.

खोली हलली.

दारातून कॉरिडॉर दिसत होता, तो वर चाललाय. त्याच्या खालचा मजला. त्याच्या खालचा. दार उघडंच —

साहेब ओरडतायत, माझं! अद्वैतही. श्रीविद्या. माझं, माझं, माझं, सगळे एकदम —

पण आता कोणी विचारतच नाहीये. वेग वाढलाय, आणि दाराच्या चौकटीत साहेबांचा हा—