हिच्यासाठी पिल्लू

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१५

नवी वही. ऑफिसच्या स्टोअरमधली नव्हे, स्वतः विकत आणलेली. आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात, मुद्द्याचं.

ही शनिवारी थोरल्या बहिणीकडे गेली. हवापालट. दोन बॅगा आणि शिलाईचं हातमशिन घेऊन गेली. हवापालटाला शिलाईमशिन कशाला, असं मनात आलं होतं, पण बायकांच्या सामानात आपण पडू नये. शेजारणीनं जिन्यात विचारलं, तिलाही हवापालटच सांगितलं. ती नुसतं हं म्हणाली. मला ते हं आवडलं नाही.

जाताना दारात ही म्हणाली, घरात एखादं कुत्रं असतं ना, तर मी बोलल्यावर त्यानं निदान कान तरी टवकारले असते.

दोन दिवस या वाक्यावर विचार केला. काल जेवताना उलगडा झाला. हिला कुत्रं हवंय! एकतीस वर्षांत बाईनं स्वतःसाठी काही मागितलं नाही, आणि आता मागितलं ते असं आडवळणानं. दुसऱ्या एखाद्या नवऱ्याच्या लक्षातसुद्धा आलं नसतं.

प्लॅन: घर दोन खोल्यांचं, तिसरा मजला, म्हणून स्मॉल ब्रीड. पिल्लू रविवारपर्यंत घरात. सोमवारी ही परत. तोवर तिला काही सांगायचं नाही. सरप्राइज.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात टायपिस्ट बाईंना विचारलं, छोट्या जातीचं पिल्लू कुठे मिळतं. त्यांनी उलट विचारलं, मिसेसना कुठली जात आवडते ते विचारलंत का. हसू आलं. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. माणसाच्या मनातलं ओळखायला मला विचारावं लागत नाही.

माझी पद्धत इथे लिहून ठेवतो, रिटायर झाल्यावर कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माणूस तक्रार सांगायला लागला की पहिलं वाक्य ऐकायचं. दुसऱ्या वाक्याला उत्तर तयार करायला घ्यायचं. त्याचं बोलणं चालू असेपर्यंत दर दहा-बारा सेकंदांनी हं म्हणायचं. रजिस्टरात लिहायचं: आले किती वाजता, गेले किती वाजता. शेवटी म्हणायचं, तुमच्या म्हणण्याची नोंद घेतली आहे. माणूस जातो. निम्मे लोक पुन्हा येत नाहीत, म्हणजे त्यांचं समाधान झालेलं असतं.

ही घरी म्हणायची, पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हणायचो, पाणी वाया जाण्याची तक्रार आमच्याकडे येत नाही, तो विभाग दुसऱ्या मजल्यावर. पूर्वी या विनोदाला ती हसायची.

५ फेब्रुवारी, बुधवार

पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलो. मासे, मासे आणि मासे. पिंजऱ्यात दोन पोपट, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. दुकानदार म्हणाला, पिल्लं ठेवणं दोन वर्षांपूर्वीच बंद केलं. का बंद केलं तेही बराच वेळ सांगत होता. मी पट्टे बघत होतो.

लाल पट्टा घेतला, घुंगरू असलेला. स्टीलचं भांडं घेतलं. टायपिस्ट बाई म्हणाल्या, बाजारात तुरी! म्हणू देत. तयारी आधी झाली की अर्धं काम झालं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मोबाईलवर जाहिरात. पॉमेरेनियन, पांढराशुभ्र, घरगुती वातावरणात वाढलेला. पत्ता दिला होता. हाफ डे टाकून गेलो. तिथे केशकर्तनालय निघालं. न्हावी वैतागलेला. म्हणाला, या आठवड्यातले तुम्ही पाचवे, माझा पत्ता कोण मेला टाकतोय कळत नाही.

आलोच होतो, म्हणून केस कापून घेतले. एकूण दिवस फुकट गेला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी

आज यश. जनावरांचे डॉक्टर भेटले. म्हणाले, गावाबाहेर एक रिटायर्ड नर्सबाई आहेत, घरीच छोट्या कुत्र्यांची पैदास करतात. पिल्लं खणखणीत, बाई मात्र खमक्या. वाटेल त्याला पिल्लू देत नाहीत. मी म्हटलं, छान, मलाही शिस्त आवडते.

मेहुणीकडे फोन केला. साडूनं उचलला. म्हणाला, ही मशिनवर बसली आहे, शेजारच्या तिघींचे ब्लाउज आलेत शिवायला. आणि म्हणाला, तुमची बायको इतकी बोलकी आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं, जेवताना हसून हसून पोट दुखतं आमचं. साडूला पहिल्यापासून अतिशयोक्तीची सवय. ही काही बोलकी नाही. गेली दहा वर्षं तर घरात आवाज येतो तो फक्त मिक्सरचा.

९ फेब्रुवारी, रविवार

नर्सबाईंकडे गेलो. उंच, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला, घरभर फिनेलचा वास. त्यांचा नियम विचित्र आहे. पहिल्या भेटीत पिल्लू द्यायचं नाही म्हणजे नाही. गिऱ्हाइकानं मोबाईल बाहेर ठेवायचा आणि पिल्लांच्या खोलीत जमिनीवर अर्धा तास बसायचं. त्या दारात स्टूल टाकून बघत बसतात.

बसलो. गुडघ्यांनी आवाज केला. चार पिल्लं, मुठीएवढी. तीन झोपलेली, चौथं तांबूस, एक कान दुमडलेला, माझ्या पायमोज्याकडे बघत होतं. बाई म्हणाल्या, बोला त्यांच्याशी. पिल्लांशी काय बोलायचं? मी त्यांना तक्रार नोंदवण्याची पद्धत समजावून सांगितली. पाचव्या मिनिटाला तांबूससुद्धा झोपलं.

बाईंनी विचारलं, घरी कोण असतं? पत्नी, मी म्हटलं. हे खोटं नाही. असतेच ती, सध्या नाही एवढंच. त्या म्हणाल्या, मग पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. मी म्हटलं, नोंद घेतली आहे. त्या म्हणाल्या, नोंद नको, माणूस आणा.

पिल्लू आज घरी यायचं होतं, ते पुढच्या रविवारवर गेलं. हिचंही उद्या येणं दिसत नाही, म्हणजे एका आठवड्यानं काही बिघडत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून तिला सांगणार नव्हतो, पण उत्साहात सांगून गेलो, आईसाठी पिल्लू घेतोय.

तिनं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, बाबा, आई कुत्र्याला घाबरते. शाळेत असताना चावलं होतं तिला. पोटरीवर व्रण आहे. अंगणात कुत्रं असलेल्या घरी ती आजवर कधी गेलेली नाही. तुम्हाला तिनं शंभरदा सांगितलंय.

व्रण मी पाहिलेला आहे. तो कुकरच्या वाफेचा, अशी माझी समजूत होती. कुणी करून दिली माहीत नाही.

मग लेकीनं विचारलं, जाताना ती जे बोलली त्याचा अर्थ तुम्हाला खरंच कळला नाही का? मी म्हटलं, विचार करतो. तिनं फोन ठेवला. हल्लीची पिढी उतावळी.

विचार केला. भीती मोठ्या कुत्र्याची असते. मुठीएवढ्या पिल्लाला कोण घाबरतं? उलट पिल्लामुळे भीती जाईल. म्हणजे प्लॅन होता तोच बरोबर, फक्त आता त्याला दोन कारणं झाली.

झोप लागली नाही. पोटरी उजवी की डावी, तेही आठवेना.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा नर्सबाईंकडे, एकटाच. हिला सर्दी झाली असं सांगितलं. बाईंनी दारात स्टूल ओढलं. मोबाईल बाहेर, मी आत, जमिनीवर.

या वेळी तांबूस पिल्लू आपण होऊन आलं. समोर बसलं. मान तिरकी केली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलं. मी सहज म्हटलं, काय रे. त्यानं तो दुमडलेला कान उभा करायचा प्रयत्न केला. मग काय झालं कळलं नाही, मी बोलत सुटलो. ही गेली. मशिन घेऊन गेली. सकाळी चहा दोन कप होतो, एक ओतून देतो. घरी गेलं की दिवा आपणच लावायचा. हवापालट वगैरे काही नाही. हे सगळं मी एका कुत्र्याच्या पिल्लाला सांगितलं, आणि ते हललं नाही. कुणीतरी आपलं ऐकतंय, म्हणजे असं वाटतं होय! लाज वाटली, तरी बोलत राहिलो.

थांबलो तेव्हा बाई दारातून म्हणाल्या, तुमच्या शर्टाच्या खिशात बिस्किट आहे. मघापासून त्याचं तिकडेच लक्ष आहे.

होतं. ऑफिसच्या चहाबरोबरचं.

निघताना बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या, पिल्लू तुमच्यासाठी ठेवते मंगळवारपर्यंत. तोवर तुमच्या मिसेसचा स्वतःचा एक फोन मला यायला हवा. मी हो म्हटलं. साडूला फोन केला. तो म्हणाला, तीच तुम्हाला शनिवारी संध्याकाळी सहाला फोन करणार आहे, घरी राहा.

तीच करणार आहे! म्हणजे पिल्लू यायच्या आधीच गुण आला.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४.००

तयारी. खुर्ची खिडकीजवळ. पाण्याचा ग्लास. वही, दोन पेनं. मोबाईल फुल चार्ज.

निश्चय: आज आपण बोलायचं नाही. फक्त ऐकायचं. शब्द न् शब्द. पिल्लाचा विषय तिचं बोलणं संपल्यावरच.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.४०

फोन आला. तिनं विचारलं, कसे आहात. आवाज छान होता, जुना, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतला. खूप बरं वाटलं मला. मग ती म्हणाली, जरा नीट ऐका, मला सांगायचंय. मी म्हटलं, सांग.

म्हणाली, ताईकडे मशिन खिडकीपाशी ठेवलंय, सकाळचं ऊन येतं. हे नीट ऐकलं. ऐकता ऐकता वाटलं, आपल्याकडेही खिडकीपाशी मशिन बसेल, कपाट दोन फूट सरकवलं तर. पण मग पिल्लाची टोपली कुठे? कपाटाच्या मागे अंधार. दाराशी ठेवली तर पाय पडणार. बरं, नर्सबाईंना फोन कर हे हिला कसं सांगायचं? आधी व्रणाची चौकशी करावी, मला आठवतंय असं दाखवावं. पण उजवी की डावी? नुसतं पोटरी म्हणावं. मधूनमधून हं म्हणत होतो, एकही चुकला नाही.

मग शांतता झाली. ही म्हणाली, मग? काय वाटतं तुम्हाला?

आणि तोंडातून निघून गेलं, नोंद घेतली आहे.

ती बरं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

वहीत पाहिलं. आला ६.१०. संपला ६.२१. मधे काही नाही. अकरा मिनिटं बोलली बाई.

त्यात एक वार होता, हे नक्की. बुधवार असावा. किंवा शुक्रवार. दहा वाजता असंही काहीतरी होतं. परत फोन करून विचारलं तर ऐकत नव्हतो हे तिला कळेल. त्यापेक्षा डोकं चालवलेलं बरं. शिवणकामाच्या बायका आठवड्याची कामं मंगळवारी देऊन मोकळ्या होतात, म्हणजे बुधवारच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. सातपासून दार उघडं ठेवून बसलो. कपाट सरकवलं, कंबर धरली. दहा वाजले. अकरा. शेजारीण दोनदा येऊन डोकावली. दुपारी नर्सबाईंचा फोन. म्हणाल्या, तुमच्या मिसेसचा फोन आला नाही, तांबूस पिल्लू आज सकाळी दुसऱ्या घरी गेलं. बाकीची तिघंही ठरलेली आहेत. मी म्हटलं, हरकत नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही बरे आहात ना? मी म्हटलं, एकदम.

संध्याकाळी दार लावलं. म्हणजे वार वगैरे काही नव्हता, मलाच भास झाला. बरंच झालं. शुक्रवारी साहेबांची तपासणी आहे, सगळी रजिस्टरं दाखवायची आहेत. त्या दिवशी रजा मिळालीच नसती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ७.३०

तपासणी उत्तम. साहेब म्हणाले, तुमच्या रजिस्टरासारखं रजिस्टर नाही.

घरी आलो. कुलूप होतं तसंच. आत दिवा लावला. मशिनपुढचं स्टूल दिसेना. कपाटातला हिचा कप्पा रिकामा. टीपॉयवर चहाचे दोन कप, एक प्यालेला, दुसरा भरलेला, झाकण ठेवलेला, गार.

शेजारीण आली. म्हणाली, अहो, होतात कुठे? दहाला आल्या होत्या त्या. म्हणाल्या, यांना सांगितलंय फोनवर, आज घरी थांबा, समोरासमोर बसून एकदा बोलू, मग काय ते ठरवू. येतील इतक्यात, म्हणाल्या. चहा ठेवला, जिन्यात कुणाचा पाय वाजला की उठून बघायच्या. मग ताईंच्या यजमानांनी खालून हॉर्न वाजवला.

आणखीही काही सांगत होती शेजारीण. मी कपाकडे बघत होतो.

कुत्र्याचं भांडं हिनं घासून ओट्यावर पालथं घातलंय. ते कसलं, तिला कळलं नसणार.

नोंद: आली १०.००. गेली १२.१०. शेजारणीच्या सांगण्यावरून.