बिनखिळ्याच्या भिंती

३ मार्च, मंगळवार

मालकीणबाईंनी आज जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, "आता स्वतःचं घर बघा. भाड्याच्या घरात म्हातारं होऊ नये." एवढंच. आणि दार लावून घेतलं!

लग्न झाल्यापासून आम्ही या बाईच्या डोक्यावर राहतोय. भाडं कधी थकवलं नाही. भिंतीला खिळा ठोकला नाही — ती त्यांची पहिली अट. आमच्या लग्नाचा फोटो इतकी वर्षं कपाटावर टेकून उभा आहे. दिवसभर दुकानात लोकांचे पडदे शिवले आणि डोक्यात एकच — आपल्याला काढताहेत.

४ मार्च, बुधवार

हे म्हणाले, "बरंच झालं. भाडं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी."

मी म्हटलं, बादली फुटकी असली तरी नळ गळला की मालकीणबाई प्लंबर बोलावतात. स्वतःच्या घरात कुणाला हाक मारणार?

"मला."

गेल्या वर्षी यांनी नळ दुरुस्त केला तेव्हा दोन दिवस शेजाऱ्यांकडे अंघोळीला गेलो होतो. गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण घरातल्या नळापुढे हात टेकतो.

८ मार्च, रविवार

लेक आली होती. कागदावर दोन रकाने पाडून बसली, एक भाड्याचा, एक मालकीचा. मालकीचा भराभर भरला. "आई, स्वतःचं असलं की कुणी ऊठ म्हणणार नाही." भाड्याचा रकाना माझ्याकडे आला. माझ्या रकान्यात एक काठी तेवढी.

मालकीणबाई खालून छताला काठी ठोकतात. एकदा — पाणी आलं. दोनदा — आवाज कमी करा. तीनदा — चहा झालाय, खाली या. लेक रांगायला लागली, भांडी आपटायला लागली, तेव्हा मी जीव मुठीत धरून दोन ठोक्यांची वाट बघायचे. ते कधी आलेच नाहीत. उलट एकदा त्याच वर आल्या, "पोर आज गप्प का?" तापाने फणफणली होती. डॉक्टरकडे त्यांनीच नेली, मी नुसतीच रडत होते. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, असं लेकीला विचारलं. ती हसली, पण डोळे भरले तिचे.

मंगळवारपासून एकही ठोका नाही.

१५ मार्च, रविवार

फ्लॅट पाहिला. चौथा मजला. मी खिडक्या मोजल्या, यांनी लिफ्ट तपासली. "चांगली आहे" म्हणाले, जसं काही लिफ्टमध्येच राहायचंय. दोन खोल्या मोठ्या, एक छोटी. छोटी कशाला, विचारलं. दलाल म्हणाला, "पाहुण्यांना." आमच्याकडे पाहुणे येतात कुठे?

घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही तर आयतं घेतोय, तरी घाम फुटलाय. हप्ते फिटेपर्यंत तोंडात दात राहिले म्हणजे मिळवली.

२९ मार्च, रविवार

ठरलं. घेतोय.

खाली सांगायला गेले. मनात वेडी आशा, की म्हणतील — कशाला, राहा की. म्हणाल्या, "लवकर जा. उशीर करू नका." माझा तोल गेला. "आम्ही इतके जड झालो होतो तर आधीच सांगायचं." त्या चहा गाळत राहिल्या. कप एकच होता.

२ मे, शनिवार

सामान हललं. त्या दारात आल्या नाहीत.

३ मे, रविवार

नव्या खिडक्या लांब. जुन्या पडद्यांची दुमड उसवली तर आत मूळ रंगाची पट्टी निघाली — गडद निळी. लेक जन्मली त्या वर्षी घेतलं होतं हे कापड. बाकीचं उन्हाने विटून गेलंय. ती पट्टी मांडीवर घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे. नवे पडदे शिवायचा बेत सोडून दिला.

यांनी फोटोसाठी हातोडा उचलला. मी स्वयंपाकघरातून धावले, "हळू, खाली ऐकू जाईल!" दोघेही थांबलो. मग त्यांनी ठोकला खिळा.

१० मे, रविवार

पाय आपटत चाललं तरी कुणी काही म्हणत नाही. सगळं आपलं आहे. करमत नाही.

१६ मे, शनिवार

पोटमाळ्याची किल्ली चुकून आमच्याकडे राहिली होती, ती द्यायला जुन्या घरी गेले. दार मालकीणबाईंच्या भाच्याने उघडलं. म्हणाला, "घर विकलं. आत्याचं आवरणं चाललंय."

विकलं? त्यांचं घर?

"बाबांचं होतं, आता माझ्याकडे आलं. आत्या फक्त सांभाळायची, भाडंही बाबांनाच जायचं. मी विकणार हे तिला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. वरचे स्वतःच्या घरात जाईपर्यंत थांब, म्हणाली. नवा मालक त्यांना रस्त्यावर काढेल अशी तिला भीती."

आत त्या खोक्यांमध्ये बसल्या होत्या. कुठे जाणार, विचारलं. "मावसबहिणीकडे, काही दिवस." मग? "मग बघू." मला रडू आवरेना. "मला सांगायचं तरी होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता का मला सोडून? मीही तुमच्यासारखीच हो, फक्त खालच्या मजल्यावर."

मी भिंतीकडे पाहिलं. त्यांच्याही भिंतीला एक खिळा नव्हता. इतकी वर्षं त्या खोलीत चहा प्यायले आणि ते आज दिसलं.

घरी येऊन सगळं सांगितलं. हे उठले आणि छोट्या खोलीतलं सामान बाहेर काढायला लागले.

१८ मे, सोमवार

सकाळी छोट्या खोलीतून ठोके ऐकू आले. एक, दोन, तीन. चहा झाला म्हणून उठले, तर ठोके थांबेनातच. जाऊन पाहिलं. मालकीणबाई भिंतीत खिळा ठोकत होत्या.