चौथी सीट

बाबा, मी विमान बांधायला घेतलं आहे. चंद्रपूरच्या घरी, मागच्या शेडमध्ये. खेळण्यातलं नाही, माणसं बसतील असं. त्याचे सुटे भाग परदेशातून मोठ्या खोक्यांत येतात, सोबत जाडजूड पुस्तक येतं, ते वाचत घरच्या घरी जोडायचं असतं. तुम्ही असता तर आधी खोक्याच्या फळ्यांवर नख मारून पाहिलं असतं. हलकं लाकूड आहे, सागासमोर काहीच नाही.

उडवायला मी नागपूरला जाऊन शिकते आहे. परवानग्यांचे कागद तुमचे जावई सांभाळतात. तुम्ही त्यांना पाहिलं नाही. ते शाळेत शिकवतात, कागदांना कंटाळत नाहीत. लोक विचारतात, हे सगळं कशासाठी? मी सांगते, सुट्टीत घरच्यांना घेऊन फिरायला. ते खरं आहे. पण ज्यांना ठाऊक आहे की तुम्हाला आलापल्लीहून इकडे दवाखान्यात आणताना पुलावरून पाणी चाललं होतं, जीप दिवसभर अलीकडेच उभी राहिली आणि तुम्ही आईच्या मांडीवर तिथेच गेलात, त्यांना माझ्याकडून दुसरं उत्तर हवं असतं. ते माझ्याकडे नाही. एकवीस वर्षं झाली. त्या पुलावर आता मी गिअर बदलते, एवढंच.

कोणतं विमान घ्यायचं, यात दीड वर्ष गेलं. पहिल्यांदा मी लाकडाचंच पाहिलं होतं. नकाशे मागवले, सांध्यांची चित्रं बघत बसले, आणि आलापल्लीच्या लाकूडडेपोतली तुमची आरामशीन आठवली. मी बारा वर्षांची आहे, तुमचा डबा घेऊन आले आहे, भुशावर बसून तुमच्याच हत्यारांनी स्टूल करते आहे. एक भोक चुकतं. मी भुसा आणि सरस कालवून ते भरते, वरून रंधा मारते. तुम्ही जेवून उठता, स्टुलावरून अंगठा फिरवता आणि एका जागी थांबता. "भोक चुकलं तं चुकलं म्हन. भरून काऊन ठेवलं?" सगळे मिस्त्री बघत होते. तुम्ही ते स्टूल मोडलंत. दुसऱ्या दिवशी सागाचा चांगला तुकडा आणून माझ्या हातात दिलात. लाकडी विमानाचा सांधा एकदा चिकटला की आत काय झालंय ते कुणालाच दिसत नाही. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात दारं फुगतात आणि उन्हाळ्यात तडकतात. ॲल्युमिनियममध्ये रिव्हेट चुकला तर ड्रिल करून काढता येतो. मी वीजकेंद्राच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलंय, पत्रा मला कळतो. म्हणून लाकूड सोडलं.

मग राहिला प्रश्न दोन सीटचं की चार सीटचं. मला दोनचं आवडलं होतं. हलकं, छोट्या धावपट्टीवरून उठणारं, तीन वर्षांत बांधून होईल असं. हे म्हणाले, घरच्यांसाठी म्हणतेस आणि एकेकाला आळीपाळीनं नेणार का? मुलगीही त्यांच्याच बाजूनं बोलली. तेव्हा घरात आम्ही चार होतो. तुमच्यानंतर आई आमच्याकडेच असायची. मी चार सीटचं धरून हिशेब मांडला. विमानात प्रत्येकाचं वजन लागतं, अंदाजे चालत नाही. मी वजनकाटा आणला आणि एका रविवारी स्वयंपाकघरात सगळ्यांना एकेक करून उभं केलं. आई पदर सावरून काट्यावर चढली, भिंतीला हात लावू नको म्हटलं तर म्हणाली, "कापूस मोजून राह्यली का वं?"

वजन जास्त नव्हतं तिचं. पण आपल्या उन्हाळ्यात हवा विरळ होते, विमान नेहमीएवढं उचलत नाही. चौघं बसलो तर टाकी अर्धीच भरायची, म्हणजे नागपूरला जाता येईल, पण तिथे पेट्रोल भरल्याशिवाय परत येता येणार नाही. तिघं बसलो तर टाकी पूर्ण. मी हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं, वर्कशॉपमध्ये सांगते तसं. आई भाकरी भाजत होती. वळली नाही. म्हणाली, "मंग मले नको धरू. मले कुठी जायचं हाय?"

मी तिला वगळून वजनं पुन्हा मांडली. सगळं बसलं. त्याच आठवड्यात चार सीटच्या विमानाची ऑर्डर दिली, कारण तीन सीटचं मिळत नाही.

विमानाच्या शेपटीचं खोकं आलं त्या थंडीत आई गेली. सकाळी उठलीच नाही. त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी सगळं व्यवस्थित केलं. तेराव्याला शेजारच्या बाई पाटावर बसता बसता मला सांगू लागल्या की आई सगळ्या गल्लीत सांगत होती, माही पोरगी मले इमानात बसवनार हाय, मी वरून आलापल्लीचा डेपो पाहीन, आमच्या मिस्त्रीनं जिथी लाकडं कापली तो. नवं लुगडंही काढून ठेवलं होतं म्हणे. वजनाच्या रविवारानंतर मात्र तिनं तो विषय काढला नाही. मी भात वाढत होते. वाढत राहिले.

शेपूट आता पूर्ण झाली आहे. मी रिव्हेट मारते, हे मागून लोखंडी ठोकळा धरतात. आम्ही फारसं बोलत नाही, आवाजच तेवढा असतो. काम चांगलं होतंय. सीटांचं खोकं पुढच्या वर्षी येईल, त्यात चारही असतील. रडू अजून आलेलं नाही. मुलगी माझ्याकडे अधूनमधून बघते. हे पत्र मी विमानाच्या पुस्तकात ठेवणार आहे, शेपटीचं प्रकरण संपतं तिथे.

यांना मी सांगितलं आहे की आई नको म्हणाली तेव्हा मी तिला खूप आग्रह केला. मी काहीच म्हटलं नव्हतं, बाबा. मला हायसं वाटलं होतं.