राणीचा नसलेला हात

अण्णा, तुम्ही ज्याला राणीचा हात म्हणायचात तो कुठल्याच राणीचा नव्हता. गेल्या महिन्यात कपाटाच्या तळाशी देणगीदाराने दिलेल्या वस्तूंची यादी सापडली. तीत एवढंच लिहिलंय: इजिप्त, स्त्रीचा उजवा हात, नाव अज्ञात. गंगापूर रोडच्या या छोट्या संग्रहालयात तुम्ही जन्मभर शिपाई होतात, किल्ल्यांचा जुडगा तुमच्याच कमरेला, आणि तो कागद एकदा उघडून बघावा असं तुम्हाला कधी वाटलं नाही. तुम्हाला राणी हवी होती. राणी म्हटलं की लोक थांबायचे.

मी पाचवीत असताना आमच्या शाळेची सहल आली, तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. साहेब जेवायला गेलेत आणि तुम्ही काचेची पेटी उघडता. निळ्या मातीच्या बाहुल्या, कापडात गुंडाळलेलं मेलेलं मांजर आणि पट्ट्या अर्धवट सुटलेला तो काळा हात. "ही माझी पोरगी," तुम्ही सगळ्या वर्गाला सांगता, "ही नाही भीत. चल गं, शेकहँड कर राणीशी." माझं मनगट धरून तुम्ही पुढे नेता. त्या बोटांना नखं आहेत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा फ्रॉक तिथंच ओला होतो, वर्ग हसतो, आणि सगळ्यांत मोठ्यांदा तुम्ही हसता. घरी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, तेही कुणाचं तरी माणूसच ना?" तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "मेलेल्याला काय कळतंय?"

हेच वाक्य तुम्ही आईच्याही बाबतीत वापरलंत. आजारात तिचे केस गेले होते. तिने तुमच्यासमोर मला सांगितलं होतं, "माझ्या डोक्याचा रुमाल काढू देऊ नकोस कुणाला." ती गेली, घोटीहून आत्या आली, म्हणाली, "नीट दिसू दे की तिला," आणि तुम्ही रुमाल ओढून काढलात. मी तुमचा हात धरला, तुम्ही झटकलात. अख्खी गल्ली रांगेनं बघून गेली. त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुम्ही गेलात तेव्हा आत्याने कितीदा सांगूनही मी तुमच्या तोंडावरची चादर हलू दिली नाही. तो तुमचा मान नव्हता, अण्णा. तो राग होता.

आता त्याच दालनाची नवी मांडणी माझ्याकडे आहे. ट्रस्टी म्हणाले, "मॅडम, हातावर लाल लाइट सोडू, खाली लिहू शापित राणी. तुमच्या वडिलांच्या वेळी काय गर्दी व्हायची!" मी म्हटलं, "तो हात कुणाला दाखवायचा नाही. नाहीतर या कामाला दुसरं माणूस बघा." पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, मग कुरकुरत 'हो' म्हणाले. मी स्वतः तो हात मऊ कापडात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवला. पेटीतल्या रिकाम्या जागी पाटी आहे: इथे एका बाईचा हात होता. तिचं नाव आम्हाला माहीत नाही. तो आता प्रदर्शनात नाही.

परवा कळवणहून एक वयस्कर गृहस्थ आले. पाटी वाचून म्हणाले, "बरं केलं, ताई. पण इथं एक शिपाई व्हते, लय भला माणूस. माझ्या आईला दिसत नव्हतं. त्यांनी पेटी उघडून एकेक बाहुली तिच्या हातात दिली. म्हणले, माउली, चाचपून बघा, घाई नाय. ती मरेपर्यंत सांगायची ते. तुम्ही वळखायच्या का त्यांना?"

"नाही," मी म्हटलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, आणि तुम्हाला माफही केलेलं नाही. पण ते गृहस्थ जायला निघाले तेव्हा मीच खुर्ची पुढे केली आणि म्हटलं, "बसा ना. अजून काय काय बोलायचे ते?"