बानाबाईचा खुबा

३ फेब्रुवारी, सोमवार
खुलताबादहून बानाबाई आल्या. जन्मभर शेळ्यांमागं हिंडून उजवा खुबा पार झिजलाय. बदलावाच लागेल, म्हणालो. मुलगा भिकन लगेच मान डोलवायला लागला. बाई मात्र माझ्याकडं बघत राहिल्या.
"डाक्टर, असे खुबे किती बदलले तुम्ही?"
"पुष्कळ!"
माझ्या बारा खाटांच्या दवाखान्यात गेल्या वर्षी चार. त्यातला एक निखळला — पुन्हा उघडावा लागला.

४ फेब्रुवारी
गंमत म्हणजे डिसेंबरात इथल्या हाडांच्या डॉक्टरांच्या बैठकीत याच विषयावर मीच बोललो. जिथं वर्षाला मोजकेच खुबे बदलतात तिथं सांधा निखळणं, जंतुसंसर्ग, पुन्हा ऑपरेशन — सगळं जास्त. अशांनी पेशंट मोठ्या ठिकाणी पाठवावेत, हा निष्कर्षही माझाच. टाळ्या पडल्या. फोटो आहे!
राजनंदिनी म्हणाली, "मग पाठवा ना." बायकोला भाषणं ऐकवू नयेत.
पण सगळेच पाठवले तर माझा हात बसायचा कधी?

५ फेब्रुवारी
बाईंचं ऑपरेशन शुक्रवारी सकाळी नऊ. ठरलं.

६ फेब्रुवारी
बाईंना सकाळीच दाखल केलं होतं. संध्याकाळी वॉर्डात गेलो तर खाट रिकामी! बाईंनी शालू सिस्टरलाही तेच विचारलं, आणि तिनं सांगून टाकलं — "सरांचा यंदाचा पहिलाच." भिकन त्यांना घेऊन मोठ्या इस्पितळात गेला. तिथं आठवड्याला दहा-बारा होतात.
शालूला झापलं. मग हलकं वाटलं. मग हलकं वाटलं म्हणून स्वतःवरच चिडलो.

३ मार्च
भिकन जुना एक्स-रे न्यायला आला. माय वॉकर धरून अंगणात फिरतीय, म्हणाला. बरं वाटलं — खरंच.
"तिथल्या मोठ्या सरांचा हातच तसा," मी म्हणालो.
"त्यांनी नाय केलं. ते निस्ते बाजूला उभे व्हते. प्रांजली मॅडमनं केलं. शिकायला हायेत तिथं. त्यांचं पैलंच व्हतं."
"आईंना माहीत होतं?"
"व्हय. मॅडमनं आधीच सांगितलं. माय म्हणली, तूच कर बाई. खरं बोलतीस."