चार दिवसांसाठी ठेवलेली देलिमा

सालातिगा, शनिवार सकाळ

आदरणीय तार्विनीताईस,

लेबारानच्या सणाला टेकवतो तसं तुझ्या गुडघ्यांवर मनातल्या मनात डोकं टेकवून धाकट्या मार्सुदीचा नमस्कार. (हळूच टेकवलं आहे, कारण डाव्या गुडघ्याला सूज असल्याचं मागच्या पत्रात वाचलं.) पालेम्बांगचा उकाडा कसा आहे? नातवंडं अभ्यास करतात का, की आपल्यावर गेली आहेत? माझी तब्येत उत्तम. आणखी एक दात गेला, पण तो गेली दोन वर्षं माझ्याशी फटकूनच वागत होता, त्यामुळे फारसं वाईट वाटलं नाही.

तू विचारलं होतंस, सुमिरासारखी बायको गेल्यापासून घरात एकटाच असतोस, कुणाची सोबत आहे का? आहे. सात महिन्यांपासून आहे. लिहिलं नाही, कारण तू हसली असतीस. ताई, ती अजगर आहे. (मादी अजगराला काय म्हणतात मला ठाऊक नाही, तिचं नाव देलिमा आहे, तेवढं पुरतं.) लांबीला माझ्याहून हातभर जास्त. होय, मी तोच मार्सुदी, जो भिंतीवर पाल दिसली की तुझ्या पाठीवर चढायचा आणि आई येईपर्यंत उतरायचा नाही.

झालं असं. मागच्या खोलीत गालीह नावाचा एक पोरगेला भाडेकरू होता. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, मोटारसायकली दुरुस्त करायचा, स्वभावाने गरीब. एका सकाळी धावत आला आणि म्हणाला, "पाक मार्सुदी, बान्युवांगीला बाबा आजारी आहेत, चार दिवसांत येतो. खोलीत एक पेटी आहे, तेवढी बघाल?" मी म्हटलं, "जा बाबा, बघतो." मला वाटलं हत्यारांची पेटी असेल. पेटीकडे बघायला असं कितीसं लागतं! पाचव्या दिवशी वास यायला लागला. दार उघडून पाहतो तर काचेची पेटी, तिच्यावर रंगाने 'देलिमा' असं नाव लिहिलेलं, आत पाण्याचं कोरडं भांडं, महिनाभर न काढलेली घाण, आणि कोपऱ्यात हे वेटोळं. अंगावर जुनी कात तुकड्यातुकड्यांनी चिकटलेली, जणू कुणीतरी ओल्या भिंतीवर वर्तमानपत्र डकवून अर्धवट खरवडलं आहे. डोळ्यांवरसुद्धा पांढरे पापुद्रे. चार दिवसांत एवढी दैना होत नाही, हे मलाही कळलं. म्हणजे तो इथे असतानाच तिच्याकडे बघत नव्हता. मी दार लावून घेतलं आणि अंगणात जाऊन दोन ग्लास गोड चहा प्यायलो. मग पुन्हा उघडलं. ती तशीच होती. माझ्याकडे बघत होती असं म्हणवत नाही, कारण तिला दिसतच नव्हतं.

पक्षीबाजारात पाक जुमादी म्हणून एक जण साप विकतो, त्याला गाठलं. तो म्हणाला, "कोमट पाण्यात ठेवायची, मऊ ओल्या कापडाने हलकेच पुसायची, आणि डोळ्यांना हात लावायचा नाही. पुढच्या कातीबरोबर ते आपसूक निघेल." मी विचारलं, "चावली तर?" तर म्हणतो, "तर तिच्यात जीव आहे असं समजायचं." अशी माणसं दुकान कशी चालवतात कोण जाणे.

कोमट पाणी झालं. (सुमिरा लग्नाकार्यात तांदूळ भिजवायची ते मोठं पातेलं घेतलं. शेजारच्या पोनिरावहिनींना हे कळल्यापासून त्या माझ्याकडचा भात खात नाहीत. माझी शिडीही मागायला येत नाहीत, तेवढाच फायदा.) पण मऊ कापड कुठून आणायचं? घरातले पंचे म्हणजे सगळे खरखरीत. शेवटी सुमिराचं कपाट उघडलं. चार वर्षं उघडलं नव्हतं, ताई. वरच तिची ती तपकिरी बातिक होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली, तुझ्या मोठीच्या लग्नात नेसली होती ती. घडी उलगडली तर लवंगेचा वास आला. मी जमिनीवर बसलो, मांडीवर ती बातिक, पातेल्यात तो साप, आणि किती वेळ नुसताच बसून राहिलो. पाणी गार झालं तेव्हा भानावर आलो आणि पुन्हा तापवायला गेलो. त्या दिवशी मानेपासून वीतभर कात निघाली. रोज वीतभर. देलिमा चावली नाही. तिसऱ्या दिवशी तर तिने माझ्या मनगटाला विळखा घालून डोकं तळहातावर ठेवलं. पाक जुमादीच्या मते तिला फक्त माझी ऊब हवी होती. असेल. मलाही कुणीतरी ऊब मागून जमाना झाला होता.

मग सुरू झाला आमचा संसार. दर पंधरा दिवसांनी बिस्किटांच्या डब्यात दोन पांढरे उंदीर घेऊन मी प्रवासी गाडीने घरी यायचो. एकदा गाडीत शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "काय हो, डब्यात खुडबुड कसली?" मी म्हटलं, "पाहुणीचं जेवण." त्या पुढच्या वळणावरच उतरल्या. सहाव्या आठवड्यात तिने अखंड कात टाकली, नाकापासून शेपटापर्यंत, डोळ्यांच्या पापुद्र्यांसकट. आणि ताई, तिने माझ्याकडे पाहिलं. मी सदरा बदलून आलो.

गालीहचा मात्र पत्ता नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की आता नवीन सुचत नाहीत. आणि परवा, गुरुवारी दुपारी, तो दारात उभा. निम्मा झालेला. वडिलांना पक्षाघात झाला होता. सहा महिने त्यांना उचलणं, धुणं, भरवणं एकट्याने केलं आणि गेल्या महिन्यात मातीही दिली. आता इथेच एका कारखान्यात काम मिळालं आहे. चहा समोर ठेवला तरी पिईना. म्हणाला, "पाक, ती गेली असणार. कधी गेली तेवढं सांगा."

मी म्हटलं, "एक पत्र टाकता आलं नाही?"

"भीती वाटली. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. मी जायच्या आधीही तिला नीट बघत नव्हतो, पाक. काम सुटलं होतं, दिवसभर पडून असायचो. मला माहीत आहे."

मी पडदा सारला. देलिमा खिडकीतल्या उन्हात पसरली होती. तो दारातच मटकन बसला आणि रडायला लागला. मग डोळे पुसून विचारतो, "मी हिला कधी घेऊन जाऊ?" मी म्हटलं, "रविवारी ये." का म्हटलं ते विचारू नकोस.

तेव्हापासून मला झोप नाही आणि डोळ्यांसमोर आहेत ते दार्मोकाका. तुला माझी साळुंकी आठवते ना? आंबारावा गावातल्या आपल्या घरी, रेल्वेच्या कुंपणाला लागून जांभाचं झाड होतं, त्याला पिंजरा टांगलेला असायचा. बाबा कामावरून येताना लांबूनच शीळ घालायचे आणि ती तुझ्या आवाजात ओरडायची, "आई, कॉफी!" आई खरोखर आधण ठेवायची आणि मग दोघींवर चिडायची. मी शाळेसाठी सोलोला मावशीकडे गेलो तेव्हा एका महिन्यासाठी म्हणून तिला काकांकडे ठेवली. त्याचे आठ महिने झाले. एकदाही विचारलं नाही मी. चेंडू खेळत होतो. परत आलो तर काका म्हणाले, "पक्षी आता माझा." आणि ती साळुंकी हुबेहूब काकांसारखी खोकली. तू केळीच्या पानात गेतुकच्या गोड वड्या बांधून काकांना समजवायला गेलीस, गेतुक देऊन रिकाम्या हाताने आलीस आणि मला म्हणालीस, "तिने तुला ओळखलं का रे? मग!" वर्षभर तुझ्याशी धड बोललो नाही. काकांशी तर त्यांच्या मातीला जाईपर्यंत नाही.

आज सदुसष्टाव्या वर्षी मला काका कळतात. मागे टाकलेल्या पक्ष्याला हाताने भरवून जगवायचं आणि मग एका उनाड पोराने दारात येऊन म्हणायचं, द्या माझं! साळुंकीच्या बाबतीत काकांचं बरोबरच होतं. नऊ वर्षं जगली ती तिथे, आनंदात खोकत. पण माझ्या बाबतीत चुकलं त्यांचं. मी त्यानंतर आयुष्यात एकही जनावर पाळलं नाही. सुमिराला मांजर हवं होतं, तर मी तिला म्हणालो होतो, माझ्याच्याने नाही व्हायचं, मी विसरणारा माणूस आहे. तिने कधी हट्ट धरला नाही. तेव्हा ठरवलं आहे ताई, उद्या रविवारी गालीह आला की देलिमाला त्याच्या हवाली करायचं. पातेलंही देईन. त्याला विसरणारा माणूस म्हणून जगायला लावायचं नाही. मन हलकं झालं.

तुझाच,
मार्सुदी

ता. क. (रविवार दुपार): गालीह आला होता. मी पेटी पुसून, पातेलं घासून तयार बसलो होतो. त्याने विचारलं, "देलिमा कुठे आहे, पाक?" आणि माझ्या तोंडून निघालं, "पालेम्बांगला. माझ्या ताईकडे पाठवली. तिथे हवा चांगली आहे." (ती तेव्हा माझ्या पलंगाखाली होती.) मला वाटलं, एवढ्या लांबचं ऐकून नाद सोडेल. त्याने तुझा पत्ता मागितला. मी दिला. दुसरं काय करणार होतो?

दुसरा ता. क. (मंगळवार, बसस्थानक): पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्याने ते तुझ्या हातात दिलं आणि आत्ता बहुधा तुझ्या ओसरीवर अवघडून बसला आहे, तोच गालीह. नव्या कामावर चार दिवसांची रजा मागितली तर मुकादम म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. तरी निघाला आहे. तिला आणायला म्हणून स्वतः कापडी पिशवी शिवली आहे, टाके वाकडेतिकडे, पण दुहेरी. आत्ता मला विचारत होता, "पाक, पालेम्बांगला पहाटे गारठा असतो का हो? गारठ्यात ती जेवत नाही." ताई, हे मला सात महिन्यांत कळलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात ती जेवेना तेव्हा मी तिला भाताची पेज दाखवत होतो.

तो पाणी आणायला गेला आहे, तेवढ्यात लिहितो. खरं सांगायला तोंड उघडतो आणि मिटतो. तेव्हा हे काम तुझ्यावर. आधी त्याला पोटभर जेवू घाल, एक दिवस झोपू दे, आणि मग सांग की देलिमा सालातिगातच आहे, सुखरूप आहे, आणि त्याचीच आहे. चिडेल, चिडू दे. त्याच्या मुकादमाकडे मी आज दुपारीच जातो आहे आणि सगळा दोष माझ्यावर घेणार आहे, जो माझाच आहे.

तिसरा ता. क.: बस लागली. घाईत एवढंच. तू येऊन अकरा वर्षं झाली. दर वर्षी लिहितेस, यायचं मनात फार आहे, पण एवढा दीड दिवसाचा प्रवास, मध्ये ती बोट, एकटी बाई कशी येऊ? ताई, मुलगा भला आहे, सामान उचलतो, आजारी माणसाला सांभाळायची सवय आहे. सोबत पाठवली आहे. ये.